यूव्हर्जनचं बायबल ॲप: कॉलेजच्या मुलांसाठी लिहिणाऱ्या सेविकेचं परीक्षण

पुण्यात कॉलेजच्या मुलामुलींमध्ये सेवा करताना दर शुक्रवारी रात्री मी एक मनन लिहिते. साधारण सहाशे शब्द, एकच उतारा, शेवटी एकच प्रश्न. शनिवारी सकाळी ते मुलांच्या फोनवर जातं आणि रविवारी उपासनेनंतर चहाबरोबर आम्ही त्यावर बोलतो. हे लिहिताना माझ्यासमोर आणि वाचताना मुलांच्या हातात जे ॲप असतं, त्याबद्दल हे लिहिते आहे. यूव्हर्जनचं बायबल ॲप बहुतेक ख्रिस्ती घरांतल्या फोनवर आधीपासून असतंच, त्यामुळे ते घ्यावं की नाही यावर मी वेळ घालवणार नाही. ते कशासाठी उघडायचं, यावर मात्र मला बरंच सांगायचं आहे.

आधी थोडी माहिती. हे ॲप अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ.चर्च या मंडळीने, म्हणजे चर्चने, काढलं. बॉबी ग्रुनवाल्ड हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी जी थोडी मोफत ॲप्स तिथे होती, त्यांत हे एक होतं. २०२१ पर्यंत ते ५० कोटी फोनांवर पोचलं होतं. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, खर्च देणग्यांवर चालतो. या जाहिराती नसण्याचं मोल मला फार वाटतं. मेसच्या डब्याचे पैसे महिनाअखेरीपर्यंत पुरवणाऱ्या मुलाच्या हातात स्तोत्र उघडतं तेव्हा त्याखाली कर्ज देणाऱ्या कंपनीची पट्टी नसते.

आता ही मुलं कोण, ते सांगायला हवं. त्याशिवाय माझं मत कळायचं नाही. काही नगर, जालना, छत्रपती संभाजीनगरकडची, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेल्या घरांतली. आजीला उपासनेची गीतं तोंडपाठ, आईवडील शाळेत किंवा दवाखान्यात नोकरीला. काही नंदुरबारच्या बाजूची, ज्यांच्या घरी मराठी ही शाळेतून आलेली भाषा आहे. काही सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसणारी, एमपीएससीच्या तारखांवर आयुष्य टांगलेली. आणि काही ख्रिस्ती नसलेलीही, मैत्रिणीबरोबर आलेली, ऐकणारी, प्रश्न विचारणारी. ती सगळी मला ताई म्हणतात. शुक्रवारी लिहायला बसले की मी यांतल्या एकाच कोणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे ठेवते. सगळ्यांसाठी लिहायला गेलं की वाक्यं व्यासपीठावरची होतात.

आता ॲपकडे. ते उघडल्यावर सर्वांत आधी भेटतं 'आजचं वचन'. एक ओळ, मागे सुंदर चित्र, एका बोटाने कोणालाही पाठवता येतं. ॲपचा हा भाग फार लोकप्रिय आहे आणि माझा सर्वांत मोठा आक्षेपही याच भागावर आहे.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन घ्या. परमेश्वर म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, तुम्हांला आशा देणारे आहेत. परीक्षेच्या हंगामात हे वचन प्रत्येक ख्रिस्ती मुलाच्या फोनवर कोणी ना कोणी पाठवतंच. काका पाठवतात, मंडळीच्या तरुण संघाचा गट पाठवतो. मुलगा वाचतो आणि त्याचा अर्थ लावतो की यंदा प्रीलिम निघणार. निकाल लागतो, यादीत नाव नसतं. मग तो माझ्यासमोर बसून विचारतो, "ताई, देव माझ्याशी खोटं बोलला का?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच अध्यायात आहे, फक्त चित्राच्या बाहेर. तो अख्खा अध्याय बहुतांशी एक पत्र आहे. यरुशलेमेतून यिर्मयाने ते बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलं. आपल्या गावापासून, मंदिरापासून तोडून परक्या शहरात आणून ठेवलेली माणसं ती. यरुशलेमेत हनन्यासारखे संदेष्टे सांगत होते की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया लिहितो, घरं बांधा, त्यांत राहा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग दहाव्या वचनात तो मुदत सांगतो, ७० वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना घरी परतणं त्यांच्या हयातीत दिसणार नव्हतं. अकरावं वचन त्यानंतर येतं. ते आशेचंच वचन आहे, पण ती आशा एका निकालावर उभी नाही.

जालन्याहून पुण्यात येऊन कॉटबेसिसवर राहणाऱ्या, 'माझं आयुष्य पोस्ट निघाल्यावर सुरू होणार' असं मानून चार वर्षं जगणं पुढे ढकलणाऱ्या मुलाला पाचवं, सहावं आणि सातवं वचन किती जवळून लागू पडतं! या शहराला आपलं मान. इथे मित्र कर. शेजाऱ्याची विचारपूस कर. रविवारी मंडळीत पाहुण्यासारखा मागच्या बाकावर बसू नकोस. हे सगळं एका ओळीच्या चित्रात मावत नाही.

आणि ॲपची खरी किंमत इथेच आहे. त्या चित्रातून अख्ख्या अध्यायाकडे जायला फक्त एकदा बोट लावावं लागतं. छापील शास्त्र, म्हणजे बायबल, नसलेल्या खोलीत, बसमध्ये, अभ्यासिकेच्या जिन्यात तो अध्याय पूर्ण उघडतो. ॲपने ही सोय दिली आहे, पण पहिल्या पानावर मान चित्राला दिला आहे. माझ्या मते हा मान चुकीच्या जागी आहे. म्हणून माझ्या मननात मी वचन कधीच कॉपी करून टाकत नाही. मी फक्त अध्याय सांगते, 'यिर्मया २९ पूर्ण वाच, मग खालचं वाच.' सेवा करणाऱ्याने लिहिण्याचा हेतू मला तरी एवढाच कळतो. मुलाला शास्त्राच्या पानापर्यंत न्यावं आणि मग बाजूला व्हावं.

पौल या प्रेषिताने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनाच्या बाबतीत तेच. 'मी सर्वकाही करू शकतो' एवढंच क्रिकेटच्या मैदानावर आणि जिमच्या भिंतीवर जातं. पौल तुरुंगात आहे आणि त्याने पैसे पाठवणाऱ्या मंडळीचे आभार मानायला हे लिहिलं आहे. त्या मंडळीच्या एपफ्रदीताने ती मदत आणून दिली होती. वरच्याच ओळींत तो म्हणतो की विपुलतेत आणि उपासमारीत, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. आणि लगेच पुढच्या वचनात, माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगलं केलं. हे पत्र चार अध्यायांचं आहे, पंधरावीस मिनिटांत वाचून होतं. जो मुलगा घरून पैसे मागायला लाजतो, रूममेटने देऊ केलेले पाचशे रुपये परत करतो, त्याला हे चौदावं वचन वाचायला मिळावं असं मला फार वाटतं.

दुसरी गोष्ट भाषांतरांची. मराठीत आज या ॲपवर एकाहून अधिक भाषांतरं आहेत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं पुनर्संपादित पवित्र शास्त्र आहे, तेच आपल्या मंडळ्यांत वाचलं जातं, तेच आजीच्या उशाशी असतं. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन आहे. मराठी समकालीन आवृत्ती आहे. वचन निवडून 'तुलना' उघडली की हे सगळे पाठ एकाखाली एक दिसतात. लिहिणाऱ्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. पूर्वी यासाठी टेबलावर तीनचार जाड पुस्तकं उघडी ठेवावी लागायची. आता उतारा एकदा मंडळीच्या भाषेत वाचते, एकदा सोप्या भाषेत, आणि मग इंग्रजीत. कुठे अडखळायला होतं ते लगेच कळतं. जिथे मी अडखळते, तिथे मुलंही अडखळणार, म्हणून मनन तिथूनच सुरू करते.

मुलांना मी काय सुचवते तेही सांगते. मंडळीत वाढलेल्यांनी जुना पाठच ठेवावा, कारण त्याची लय त्यांच्या कानात आहे आणि दुःखाच्या वेळी तीच वाक्यं वर येतात. नव्याने वाचणाऱ्याला, किंवा मराठी ज्याची घरची भाषा नाही त्याला, समकालीन आवृत्ती द्यावी. मार्कचं शुभवर्तमान तिच्यात एका बैठकीत वाचून होतं. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीत वाचावं, त्यात कमीपणा नाही, पण स्तोत्रं तरी मराठीत वाचावीत. घरी फोनवर आईबरोबर प्रार्थना करताना ती उपयोगी पडतात.

इथे मला पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशन या संस्थेची आठवण येते. रमाबाईंनी तिथे अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. शिक्षण न मिळालेल्या बाईला स्वतः वाचता यावं, एवढ्यासाठी एका विदुषीने आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. आमची मुलं पुणे-दौंड मार्गावरच्या त्याच केडगाववरून गाडीने ये-जा करतात. त्यांच्या खिशातल्या फोनवर मराठी शास्त्र फुकट आहे. त्यामागे किती हातांचं काम आहे, हे मी त्यांना वर्षातून एकदा तरी सांगतेच. हेतूने लिहिण्याची आपल्याकडची परंपराही जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केलं, पुढे नारायण वामन टिळकांसारख्या कवीने त्यासाठी लेखणी चालवली. मराठी ख्रिस्ती माणसाने मराठी वाचकाशी त्याच्याच भाषेत, त्याला मान देऊन बोलावं, हे आपल्याला नव्याने शोधायचं नाही.

ऑडिओबद्दल थोडक्यात. ज्या मराठी पाठांना आवाज आहे तिथे तो जरूर वापरावा. डोळे दिवसभर पुस्तकात घालून थकलेल्या मुलांसाठी तर फारच चांगलं. '१ राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय मी मुद्दाम ऐकायला सांगते. एलीया हा संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतो आणि देव त्याला आधी झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, आणि मग बोलतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात याहून वेगळं मनन मी लिहीत नाही. त्या आठवड्यात खाली प्रश्नही नसतो. नीट जेवा, झोपा, एवढंच.

मित्रांबरोबर वाचनयोजना, म्हणजे ॲपवरचा रोजच्या वाचनाचा ठरलेला क्रम, करण्याची सोय मला मनापासून आवडते. चारपाच जणांनी एक योजना घ्यायची, दर दिवसाचं वाचन झाल्यावर खाली दोन ओळी लिहायच्या. मोठ्या गटात तोंड न उघडणारी मुलं इथे लिहितात. एक मुलगी वर्षभर आमच्यात गप्प बसायची. रूथच्या पुस्तकावरच्या योजनेत तिने रूथच्या सासूबद्दल, नामीबद्दल, जे लिहिलं ते वाचून मी माझं त्या आठवड्याचं मनन बाजूला ठेवलं आणि रविवारी तिलाच बोलायला सांगितलं. पण माझे दोन नियम आहेत. न विचारता कोणालाही योजनेत जोडायचं नाही, विशेषतः जी मुलं ख्रिस्ती नाहीत त्यांना. त्यांनी स्वतः मागितलं तरच. आणि योजनेत किंवा मला एकटीला सांगितलेली गोष्ट माझ्या लिखाणात येणार नाही, नाव बदलूनसुद्धा नाही, जोपर्यंत त्या व्यक्तीने वाचून हो म्हटलेलं नाही. वर लिहिलेली ओळही तिला दाखवूनच लिहिली आहे. चाळीस मुलांच्या गटात नाव बदलून काही लपत नाही. विश्वासाने सांगितलेलं दुःख दुसऱ्या दिवशी उदाहरण होऊन सर्वांच्या फोनवर आलं, तर ते मूल पुन्हा कोणत्याच सेवकाकडे जाणार नाही.

मराठी योजनांचा मात्र तुटवडा आहे. इंग्रजीत हवी ती योजना मिळते, मराठीत निवड खूपच कमी आणि त्यांतल्या बऱ्याचशा दुसऱ्या देशातल्या आयुष्यावर बेतलेल्या. कॉलेजच्या डॉर्ममधली पार्टी, पहिली गाडी, उन्हाळी नोकरी. आमच्या मुलांचे प्रश्न वेगळे आहेत. धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी नोकरी लागेल का, आडनावावरून जात विचारणाऱ्या घरमालकाला काय सांगावं, वडिलांच्या दारूबद्दल प्रार्थनेत मोठ्याने बोलावं का. ही उणीव ॲपवाल्यांनी भरायची नाही, आपणच लिहायचं आहे. मराठी मंडळ्यांमध्ये लिहू शकणारे पाळक, शिक्षक, परिचारिका आहेत. सात दिवसांची एक चांगली योजना लिहायला एक उन्हाळी सुट्टी पुरते.

साखळीबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. सलग किती दिवस ॲप उघडलं ते इथे मोजलं जातं. ज्याला वाचनाची सवय लावायची आहे त्याला सुरुवातीला याची मदत होते, हे खरं. पण प्रामाणिक, घाबरट स्वभावाच्या मुलांवर त्याचं ओझं होतं. घरी मयत झालं, तापाने पडला, पेपर होता, आणि साखळी तुटली की वाटतं देवाशीच काही बिघडलं. शास्त्रात शब्बाथ (विसाव्याचा दिवस) माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, असं येशूने नियमांना काटेकोर धरून बसणाऱ्या परुश्यांना सांगितलं. मोजणीचंही तेच समजावं. माझ्या गटात आम्ही एकमेकांना कधीही आकडा विचारत नाही. काय वाचलंस, एवढं विचारतो. आणि सूचना मी सकाळच्या बंद करून रात्री साडेनऊला लावायला सांगते, कारण अभ्यासिकेतलं मूल त्या वेळी जेवून परतत असतं आणि पाच मिनिटं खरोखर त्याची असतात.

आणखी एक मर्यादा. ॲप पाठ देतं, पार्श्वभूमी फारशी देत नाही. बाबेल कुठे, हनन्या कोण, एपफ्रदीत का आला, हे मराठीत समजावणारं त्यात जवळपास काही नाही. म्हणून लिहिणाऱ्याने फक्त ॲपवर विसंबू नये. नकाशा असलेलं छापील शास्त्र, एखादा बायबल शब्दकोश आणि मंडळीतल्या जाणत्या पाळकाशी अर्धा तास बोलणं, या तिन्हींची जागा ते घेत नाही. मी स्वतः उतारा आधी छापील प्रतीत पेन्सिल घेऊन वाचते, मग ॲप उघडते. फोनवर वाचताना बोट पुढे सरकत राहतं, कागदावर ते थांबतं.

नव्याने घेणाऱ्यांसाठी काही सूचना. घरच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर असतानाच मराठी पाठ उतरवून घ्या, म्हणजे घाटात, गावी, रेंज नसताना तो उघडेल. सगळेच पाठ उतरवता येत नाहीत, ज्यांच्या प्रकाशकांनी परवानगी दिली आहे तेच येतात, म्हणून गावी जाण्याआधी एकदा विमान मोड लावून तपासा. नोंद लिहिताना ती कोणाला दिसावी हे निवडता येतं. ती 'खाजगी' करूनच लिहायला सुरुवात करा. तुमच्या मनातलं पापकबुलीचं वाक्य मित्रांच्या यादीत जायला नको. रंगाने खुणा करायच्या असतील तर एकच रंग 'कळलं नाही' यासाठी राखून ठेवा. रविवारी मुलं फोन पुढे करतात तेव्हा मी त्याच खुणा आधी पाहते, आणि पुढच्या शुक्रवारी काय लिहायचं ते बहुतेक वेळा तिथेच ठरतं. सध्या तीनचार जणांच्या फोनवर एकच जागा रंगलेली आहे, स्तोत्र ८८, जे अंधारातच संपतं. या शुक्रवारी तेच घेणार आहे.